निदानाची तारीख : अर्भकांतील एच. आय. व्ही. संसर्गाच्या शीघ्र निदानाचा महाराष्ट्रातील इतिहास

वैतरणा नदी अरबी समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर अंगास दातिवरे हे गाव वसलेले आहे. खाडीपलीकडे दक्षिणेस अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे. मासेमारी व बागाईत हे या किनारपट्टीचे जुने व्यवसाय होत. रेल्वे गाठावयाची तर प्रथम रस्त्याने सफाळे स्थानकापर्यंत जावे लागते. तेथून उत्तरेस पालघर व बोईसर, दक्षिणेस विरार व मुंबई. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर या गावाचे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे हे होते. प्रस्तुत निबंधात दातिवऱ्याचा आधार घेतला आहे, तो त्या गावी या विषयाच्या दृष्टीने काही विशेष घडले म्हणून नव्हे. वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून लिहितो. तो पाळण्याच्या बाजूने पाहावयाचा असेल, तर अंतर मोजण्यासाठी एखादे निश्चित ठिकाण हाताशी असावे लागते. दातिवरे हे आमचे तसे ठिकाण आहे. येथे कोणत्याही रुग्णाची हकीकत दिलेली नाही. लहान गावात नाव गाळल्याने ओळख लपत नाही, आणि एच. आय. व्ही. बाधितांविषयीची माहिती त्यांच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, मनाई केलेली आहे. हा निर्बंध इतिहाससंशोधकासही लागू आहे, आणि तो असावा हेच योग्य होय.

आमचा मुख्य प्रश्न साधा आहे. एखाद्या अर्भकाचे निदान झाले असे कोणत्या तारखेस म्हणावयाचे? ज्या दिवशी जगात कोठे तरी त्या रोगाची अचूक चाचणी सिद्ध झाली त्या दिवशी, की ज्या दिवशी त्या अर्भकाचे रक्त घेतले गेले त्या दिवशी, की तपासणीचा अहवाल आईच्या हाती पडला त्या दिवशी? पहिली तारीख विज्ञानाच्या इतिहासात नोंदली जाते, दुसरी शासनाच्या वार्षिक अहवालात मोजली जाते. तिसरी मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. अर्भकाच्या दृष्टीने खरी तारीख हीच, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भातील बालकास मिळतात हे ज्ञान जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख याने १८९२ साली उंदरांवरील प्रयोगांनी मातेची प्रतिकारशक्ती पिलांत उतरते हे दाखविले. मनुष्यात ही प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात आणि जन्मानंतर कित्येक महिने बालकाचे रक्षण करितात. निसर्गाची ही व्यवस्था एरवी उपकारक, परंतु एच. आय. व्ही. च्या बाबतीत तीच निदानाच्या आड येते. प्रौढाच्या रक्ताची नेहमीची तपासणी विषाणूचा शोध घेत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. बाधित मातेचे प्रत्येक मूल, ते स्वतः बाधित असो वा नसो, तिची प्रतिपिंडे घेऊनच जन्मास येते. ती पूर्णपणे ओसरण्यास अठरा महिनेपर्यंत काळ लागू शकतो. म्हणून अठरा महिन्यांपूर्वी केलेल्या अशा तपासणीचा निष्कर्ष होकारार्थी आला, तर त्यावरून एवढेच कळते की आई बाधित आहे. आणि हे तर आधीच ठाऊक असते.

अठरा महिने हा काळ केवढा, हे मराठी घराच्या मापाने मोजून पाहावे. बाराव्या दिवशी बारसे होते, सवा महिन्याने बाळंतीण बाहेर पडते, सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण, पुढे जावळ, पुढे पहिले पाऊल. इतके सगळे होऊन जाई आणि मूल बाधित आहे किंवा नाही याचे उत्तर मिळालेले नसे. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळी लिहून जाते अशी समजूत आहे. येथे ते लिखित वाचावयास दीड वर्ष थांबावे लागे. यात आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोणताही प्रतिबंधक उपाय न योजता बाधित मातेकडून मुलास संसर्ग होण्याचे प्रमाण, स्तनपानाचा काळ धरून, शेकडा २० ते ४५ इतके सांगितले जाते. म्हणजे उपायांवाचूनही निम्म्याहून अधिक मुले निरोगी असत. त्यांच्या घरांनी मात्र तितकेच दिवस त्याच संशयात काढले.

आणि जी बाधित असत, त्यांच्यापाशी हे दीड वर्ष नव्हते. आफ्रिकेतील निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र छाननी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार औषधोपचार न मिळालेल्या बाधित अर्भकांपैकी शेकडा ३५ पहिल्या वर्षातच दगावली, आणि दोन वर्षांच्या आत निम्म्याहून अधिक. मृत्यूंची गर्दी विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास होते. चाचणीची मुदत मृत्यूच्या मुदतीहून लांब होती. अठराव्या महिन्यास तपासणीसाठी जी मुले येत, ती मुळात वाचलेली मुले असत. त्यांच्यावरून काढलेले प्रमाण वस्तुस्थितीहून कमी येणार हे उघड आहे. या काळातील आकडेवारीचा उपयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने हा दोष ध्यानात ठेवावा.

चाचणी नसेल तर लक्षणांवरून निदान करावे, असा मार्ग काही काळ सुचविण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० नंतरच्या दशकात बालकांतील एड्सची जी लक्षणाधिष्ठित व्याख्या केली, तीत वजन घटणे, महिन्याहून अधिक काळ हगवण आणि महिन्याहून अधिक काळ ताप ही प्रमुख लक्षणे होती. प्रयोगशाळा नसलेल्या देशांसाठी ही व्याख्या होती. परंतु आपल्या प्रदेशात ती किती उपयोगी पडली असती? दातिवऱ्यापासून पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याकडे, जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले. त्या मृत्यूंचा एच. आय. व्ही. शी संबंध जोडण्याचा येथे मुळीच हेतु नाही. सांगावयाचे एवढेच की जेथे उपासमार, हगवण व न्यूमोनिया यांनी अर्भके दगावणे हे नित्याचे, तेथे बाधित अर्भकाची लक्षणे डोळ्यांस वेगळी दिसणे अशक्य होते. किनाऱ्यावरील, डोंगरातील आणि कारखान्याच्या चाळीतील डॉक्टरास रोगी मूल दिसे. त्यामागील विषाणु दिसत नसे.

आता पहिल्या तारखेकडे वळू. प्रतिपिंडे टाळून थेट विषाणूचाच शोध घेणे हा मार्ग तत्त्वतः उघड होता. प्रयोगशाळेत विषाणु वाढवून पाहण्याची पद्धत होती, परंतु तिला पुष्कळ दिवस लागत, खर्च फार येई आणि तशी प्रयोगशाळा लाखांत एखादी. १९८३ साली कॅरी मलिस यास सुचलेल्या व १९८५ पासून प्रसिद्धीस आलेल्या पी. सी. आर. पद्धतीने हे चित्र पालटले. रक्तपेशींच्या जनुकद्रव्यात विषाणूने आपले जे द्रव्य घुसविलेले असते, त्याचा इवलासा अंश या पद्धतीने कोट्यवधी पटींनी वाढविता येतो व ओळखता येतो. १९८८ साली एच. आय. व्ही. साठी तिचा उपयोग झाला. १९८९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बाधित मातांच्या नवजात बालकांवरील अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला, पुढे ज्यांस एड्स झाला अशा सात बालकांपैकी पाचांच्या नवजात अवस्थेतील रक्तातच ही खूण सापडली होती. शास्त्राच्या दृष्टीने शीघ्र निदानाची तारीख येथे पडली.

दुसरा धागा अगदी निराळ्या ठिकाणाहून येतो. फिनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकाराची चाचणी सर्व नवजात बालकांवर करता यावी म्हणून अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री याने टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब शोषकागदावर वाळवून ते प्रयोगशाळेकडे धाडण्याची रीत रूढ केली; त्याचा प्रसिद्ध लेख १९६३ चा आहे. गथ्रीचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि त्याच्या भाचीस हाच विकार जडलेला होता. कागदावर वाळलेल्या रक्तातून एच. आय. व्ही. चे जनुकद्रव्य ओळखता येते हे १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध झाले. परीक्षानळी, बर्फ, शीतपेटी यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. दूरच्या गावासाठी पी. सी. आर. इतकाच हा कागदही महत्त्वाचा. प्रस्तुत लेखकास तर तो अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण यंत्र शहरातच राहिले, गावापर्यंत आला तो कागद.

म्हणजे १९९२ च्या सुमारास दोन्ही साधने सिद्ध होती. योगायोग असा की त्याच वर्षी दिल्लीस राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, आणि पुण्याजवळ भोसरी येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था अस्तित्वात आली. भारतात या विषाणूचा पहिला शोध १९८६ मध्ये मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कार्याने लागला होता. थोड्याच वर्षांत महाराष्ट्र हे अधिक प्रादुर्भाव असलेल्या सहा राज्यांपैकी एक ठरले. तरीही देशव्यापी शासकीय योजना म्हणून अर्भकांचे शीघ्र निदान सुरू झाले ते २०१० मध्ये. साधने सिद्ध झाल्यापासून अठरा वर्षे गेली. या अठरा वर्षांचे स्पष्टीकरण करणे हे इतिहासकाराचे काम होय.

नेहमीचे स्पष्टीकरण खर्चाचे आहे, आणि ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. खरे कारण असे की दीर्घकाळपर्यंत निदानाच्या पुढे काहीच नव्हते. १९९४ साली अमेरिका व फ्रान्स येथील चाचणीत झिडोव्हुडिन या औषधाने संसर्गाचे प्रमाण शेकडा २५·५ वरून ८·३ वर आल्याचे दिसले. १९९९ मध्ये युगांडातील कंपाला येथील अभ्यासाने नेव्हिरापिनची एकच मात्रा, प्रसूतीच्या वेळी मातेस व नंतर बाळास दिल्याने संसर्ग जवळजवळ निम्म्यावर येतो हे दाखविले. भारतात २००० साली अकरा संस्थांतून झिडोव्हुडिनचा व पुढे २००१ पासून नेव्हिरापिनचा प्रायोगिक उपयोग सुरू झाला. सारे लक्ष संसर्ग टाळण्याकडे होते, आणि ते स्वाभाविक होते. पण टाळण्याचे प्रयत्न करूनही जे मूल बाधित झाले, त्याचे काय? त्याच्यासाठी औषधे महाग, मुलांसाठी मात्रा ठरलेल्या नाहीत, गोळ्या प्रौढांच्या. त्या मोडून द्यावयाच्या. ‘उपचार नाही तर निदान कशाला’ असा युक्तिवाद त्या काळी ऐकू येई.

हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे, कारण तो वरकरणी दयाळू दिसतो. बाधित मुलास सांगण्यासारखे काही नव्हते हे घटकाभर मान्य करू. परंतु अबाधित मुलाच्या आईस सांगण्यासारखे पुष्कळ होते, आणि अशा आया संख्येने अधिक होत्या. पाजावे की वरचे दूध द्यावे, हा प्रश्न तिच्यापुढे रोज उभा राही. त्या काळच्या सल्ल्यात स्तनपान टाळण्याकडे कल होता. आणि ज्या गावात सासू, जावा व शेजारणी पाहत असतात तेथे बाळास अंगावर न पाजणे म्हणजे रोगाची दवंडी पिटणेच होय. निदान लांबविण्याची किंमत केवळ रोग्याने दिली नाही. शिवाय २००४ साली झांबियातील अभ्यासाने दाखविले की को-ट्रायमोक्साझोल या जुन्या व स्वस्त औषधाने बाधित मुलांचे मृत्यू शेकडा ४३ ने घटतात. ते औषध तर आपल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत होते. ‘उपचार नाही’ हे विधान निदान २००४ नंतर तरी खरे राहिलेले नव्हते.

दरम्यान पी. सी. आर. महाराष्ट्रात आलेच नव्हते असे नाही. ते संशोधनासाठी आले होते. पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालयात व ससून रुग्णालयात बाधित मातांच्या अर्भकांस सहा आठवडेपर्यंत रोज नेव्हिरापिन देण्याचा अभ्यास झाला. इथिओपिया व युगांडा येथील सहअभ्यासांसह त्याचे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहाव्या आठवड्यास संसर्गाचा धोका जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. सहा महिन्यांनी मात्र, स्तनपान चालू असल्याने, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस निश्चितपणे उतरेल इतका राहिला नाही. ‘सहाव्या आठवड्यास’ हे शब्द नुसत्या प्रतिपिंड-चाचणीच्या आधारे लिहिताच आले नसते. म्हणजे त्याच दशकात, त्याच राज्यात, अभ्यासात नाव नोंदविलेल्या अर्भकास सहा आठवड्यांत उत्तर मिळू शकत होते, आणि अभ्यासाबाहेरील अर्भकास, त्याच्या आईवडिलांना खाजगी प्रयोगशाळेचा खर्च झेपला नाही तर, अठरा महिने थांबावे लागत होते. यात त्या संशोधकांस दोष देण्याचे कारण नाही; त्यांच्याच कामामुळे पुढचा मार्ग सुकर झाला. परंतु ‘महाराष्ट्रात चाचणी केव्हा आली’ या प्रश्नास एकच उत्तर नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

१ एप्रिल २००४ पासून शासनाने विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला. प्रारंभीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २००६ साली बालकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला आणि मुलांच्या मात्रेची औषधे मिळू लागली. निर्णायक वळण मात्र २००८ चे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन व सोवेटो येथे सहा ते बारा आठवड्यांच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या बाधित अर्भकांचे दोन भाग केले; काहींना लगेच औषधे, काहींना लक्षणे दिसल्यावर. लगेच औषधे मिळालेल्यांत मृत्यू शेकडा ७६ ने कमी झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालील प्रत्येक बाधित अर्भकास तत्काळ औषधे द्यावीत असे सांगितले. तोवर निदान हे ज्ञान होते. आता ते उपचाराचे पहिले पाऊल झाले. आपल्याकडील योजना यानंतर दोन वर्षांत आली हे ध्यानात घेता, तिला विलंब खर्चापेक्षा अधिक या कारणाने झाला होता असे म्हणावयास हरकत नाही.

२०१० च्या योजनेची रीत थोडी तपशिलाने सांगणे अवश्य आहे. बाळ सहा आठवड्यांचे झाले की एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात त्याचे रक्त घ्यावयाचे. हा मुहूर्त मोठ्या शहाणपणाने निवडलेला आहे: याच वेळी त्रिगुणी लसीचा पहिला डोस असे, आणि आपल्याकडे सवा महिना संपून बाळंतीण याच सुमारास घराबाहेर पडते. बाळाची टाच कोमट करून टोचावयाची, आणि जाड शोषकागदाच्या कार्डावर छापलेल्या पाच वर्तुळांत एकेक थेंब पडू द्यावयाचा. थेंब वर्तुळभर पसरून मागल्या बाजूस उतरला पाहिजे. कार्ड उन्हात वाळवावयाचे नाही, पंख्याखाली घाईने वाळवावयाचे नाही; मोकळ्या हवेत आडवे ठेवून सावकाश वाळवावयाचे. नंतर मधे पातळ गुळगुळीत कागद घालून, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या व आर्द्रता दाखविणारी पट्टी यांसह बंद पिशवीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे. वाचकांस हे सोपे वाटेल. परंतु जुलै महिन्यात समुद्रकाठच्या खोलीत कागद वाळतो कसा, हे ज्याने पाहिले आहे त्यास त्या पट्टीचे महत्त्व सांगावे लागणार नाही. दातिवरे, केळवे, सातपाटी या पट्ट्यात पावसाळ्यात मासळी वाळविणेही बंद असते.

कार्ड प्रयोगशाळेत पोहोचे. पुण्याची भोसरी येथील संस्था या कामात अग्रेसर होती. (आज तिचे नाव बदलून राष्ट्रीय अनुवादात्मक विषाणुशास्त्र व एड्स संशोधन संस्था या अर्थाचे झाले आहे.) निष्कर्ष नकारार्थी आला तर बाळावर लक्ष ठेवावयाचे, कारण स्तनपानातून पुढेही संसर्ग होऊ शकतो, सहाव्या व बाराव्या महिन्यास आणि दूध तोडल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. निष्कर्ष होकारार्थी आला तर त्या काळच्या नियमानुसार बाळास औषधोपचार केंद्रावर नेऊन तेथे पूर्ण रक्ताचा दुसरा नमुना द्यावा लागे. ही दुसरी तपासणी निरर्थक नव्हती. मातांवरील उपचार सुधारून संसर्गाचे प्रमाण जसजसे घटते, तसतसे होकारार्थी निष्कर्षांत चुकीच्या निष्कर्षांचा वाटा वाढतो. निरोगी मुलास जन्मभराचे औषध लागू नये म्हणून खात्री करणे भागच असते. परंतु आपल्या मापाने पाहू. पहिल्या वेळी कागद प्रवास करीत होता. दुसऱ्या वेळी प्रवास बाळाने करावयाचा होता. दातिवऱ्याच्या बाईने सफाळ्यापर्यंत रस्त्याने, पुढे रेल्वेने, तान्हे मूल कडेवर घेऊन, घरी काही तरी कारण सांगून जावयाचे. विरारपासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्या त्या २०१३ मध्ये; त्यापूर्वी थोड्या गाड्यांवर वेळ बेतावी लागे. बुडालेली रोजी व विचारले जाणारे प्रश्न हा खर्च कोणत्याही योजनेच्या अंदाजपत्रकात नसतो.

येथे आपल्या समाजव्यवस्थेतील एक गोष्ट आड येई, तिचा उल्लेख या विषयावरील लेखनात क्वचितच आढळतो. पहिले बाळंतपण माहेरी होते. गरोदरपणात स्त्रीची नोंद सासरच्या केंद्रात, प्रसूती माहेरच्या रुग्णालयात, सवा महिन्यानंतर वा तिसऱ्या महिन्यात पुन्हा सासरी. सहावा आठवडा नेमका या येण्याजाण्यात सापडतो. रक्त एका ठिकाणी घेतले गेले आणि अहवाल आला तेव्हा आई दुसऱ्या गावी असली, तर नोंदवहीत ‘निदान पूर्ण’ असे दिसते आणि पाळण्यात काहीच घडत नाही. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात हीच अडचण निराळ्या रूपाने येते. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज निर्माण होऊ लागली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि दूरच्या प्रांतांतून कामगार कुटुंबे आली. त्यांच्या स्त्रिया बाळंतपणास पार उत्तरेकडील आपल्या गावी जातात. काही परत येतात, काही येत नाहीत. आणि पूर्वेच्या तालुक्यांतील वारली व कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच वीटभट्ट्यांच्या कामावर निघतात. एका तालुक्यापुरता विचार केला तरी पत्त्याचा स्थिरपणा हे गृहीत किती नाजूक आहे हे यावरून कळेल.

या सगळ्यामुळे तिसऱ्या तारखेचे महत्त्व आम्ही आरंभी सांगितले. केंद्रांच्या कागदपत्रांत नमुना घेतल्याची, तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची व अहवाल निघाल्याची तारीख असते. आईस अहवाल समजावून सांगितल्याची तारीख ही त्याहून निराळी वस्तु आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अहवाल नमुना घेतल्यापासून फार तर चार आठवड्यांत पालकांच्या हाती पडावा असे म्हटले आहे. सहावा आठवडा अधिक चार आठवडे म्हणजे अडीच महिने; मृत्यूंची गर्दी ज्या काळात होते त्याच्या ऐन मध्यावर ही मुदत पडते. येथे आठवड्याचा विलंब हा कार्यालयीन विलंब नव्हे. मोझांबिक देशातील एका अभ्यासात यंत्रच आरोग्य केंद्रात ठेवून त्याच दिवशी उत्तर दिले गेले. तेथे बाधित अर्भकांपैकी जवळजवळ शेकडा ९० मुलांवर साठ दिवसांच्या आत उपचार सुरू झाले. नमुना दूर पाठविण्याच्या जुन्या रीतीत हे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास होते. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही बाजूंस अचूक अशीच चाचणी होती. फरक पडला तो उत्तर परत येण्याच्या वाटेने.

नॅकोच्या नियमांत पुढे सुधारणा झाल्या. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीस जन्मभराचे तीन औषधांचे उपचार देण्यात येऊ लागल्याने मुळात बाधित अर्भकांचीच संख्या घटली. खात्रीसाठी पूर्ण रक्ताऐवजी दुसराही नमुना कार्डावरच घेण्याची रीत आली, म्हणजे बाळाच्या वाट्याचा प्रवास पुन्हा कागदाकडे गेला. खात्रीचा निष्कर्ष येईपर्यंत न थांबता उपचार सुरू करावेत असेही जागतिक संघटना सांगते. एक विलक्षण परिणाम मात्र नमूद केला पाहिजे. ज्या बाधित अर्भकावर अगदी आरंभीच उपचार सुरू होतात, त्याच्या शरीरात काही वेळा स्वतःची प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. आईची ओसरलेली असतात. आणि मग अठराव्या महिन्याची जुनी चाचणी ‘नाही’ असे उत्तर देते. आईस ते ऐकून हर्ष होतो, औषध बंद करावेसे वाटते, आणि समुपदेशकास समजावून सांगावे लागते की या उत्तरावर विसंबू नये. जी चाचणी एके काळी वेळेपूर्वी ‘होय’ म्हणून फसवीत असे, ती आता वेळेनंतर ‘नाही’ म्हणून फसविते.

बाधित मातेच्या इतर सर्व बालकांसाठी अठराव्या महिन्याची तपासणी आजही कायम आहे. सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक निष्कर्ष नकारार्थी आला असला तरी ती होईपर्यंत बाळाचे नाव यादीतून निघत नाही. दातिवऱ्यासारख्या गावात तोवर ते मूल अंगणात धावत असते, आणि तपासणीसाठी त्याच्या बोटास टोचावे लागते, टाचेस नव्हे.